घरात होल फूड सुरू करायचंय? क्रम चुकवू नका, चौघापाचजणांच्या घरासाठी सविस्तर गाईड

होल फूड सुरू करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिल्या रविवारी एकच कार्यक्रम होतो. फळीवरची बिस्किटं, नूडल्स, मैदा, फरसाण सगळं पिशवीत भरून कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकायचं (आपल्याला वाईट म्हणून काढलेलं त्यांच्या पोरांना चालतं होय, हे मला कायम खटकतं) आणि ऑनलाइन किनोआ, चिया, ब्राऊन राईस, मल्टीग्रेन आटा असं भरमसाठ मागवायचं. मग भात कच्चट राहतो, भाकरी परातीतच तुटते, पोरं डबा तसाच परत आणतात आणि आठवडा संपायच्या आत कोणीतरी म्हणतं जाऊ दे, आज बाहेरून मागवू.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. अख्खं धान्य, कडधान्य, पालेभाजी यांचं निम्मं काम आदल्या रात्रीचं आहे, म्हणजे भिजत घालणं, उपसणं, निवडणं, दळून आणणं. ते कोण करणार आणि कधी करणार हे न ठरवता थेट ताट बदलायला गेलं की सगळा भार घरातल्या एकाच बाईवर पडतो आणि ती दमली की प्लॅन संपला. म्हणून खाली दिलंय त्याच क्रमाने करा, दोन महिने धरून चाला, मधली पायरी उडवू नका.

होल फूड म्हणजे काय यावर वाद घालत बसू नका. जे बघून ते कणसाचं, शेंगेचं, झाडाचं की जनावराचं ते कळतं आणि ज्यातला कोंडा, साल, चोथा मुद्दाम काढलेला नाही, एवढी व्याख्या घरासाठी पुरे. या हिशोबाने गिरणीतून दळून आणलेल्या गव्हाची, न चाळता केलेली पोळी आधीच होल फूड आहे. तिला हात लावायचं काही कारण नाही.

## पायरी 0: आधी औषधं बघा

हे सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच सोडतात.

- घरात कोणी इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेत असेल तर मैदा, साखर, पांढरा भात एकदम कमी केल्यावर शुगर खाली जाऊ शकते. डोस बदलायचा का ते डॉक्टर सांगतील, आपण नाही.
- किडनीचा त्रास असेल तर जास्तीची डाळ, पालेभाजी, नारळपाणी, सुकामेवा हे सगळंच त्रासाचं होऊ शकतं. त्या माणसाचं ताट वेगळं ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.
- रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करायची गरज नसते, पण कधीतरी पसाभर आणि अचानक रोज दोन जुड्या असं करू नका. प्रमाण बदलणार असाल तर आधी सांगा.
- थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी. नाचणीची आंबील आणि गोळी एकत्र नको.
- पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं पोट छोटं असतं, त्यांना नुसता चोथा भरला तर ऊर्जा कमी पडते. त्यांच्या भातावर तूप राहू द्या. अख्खे शेंगदाणे, बदाम, फुटाणे लहान मुलांना देऊ नका, घशात अडकतात, कूट करून द्या.

तपासा: घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची यादी एका कागदावर आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी 1: एक आठवडा फक्त लिहायचं

काही बदलायचं नाही. फ्रीजला एक कागद चिकटवा आणि घरात जे पॅकेट फोडलं जातं, बाहेरून जे येतं, ते कोणी कधी खाल्लं एवढंच लिहा. घरी शिजलेलं लिहू नका, त्यात वेळ जातो आणि तिसऱ्या दिवशी कागद बंद पडतो.

आठवड्याने बघा, बहुतेक घरांत पॅकेटं तीन ठिकाणी सापडतात. सकाळचा चहा (खारी, टोस्ट, मारी), संध्याकाळी चार ते सहा, आणि रात्री उशिरा टीव्हीसमोर. जेवणात मात्र वरण, भाजी, पोळी, कोशिंबीर असं बऱ्यापैकी ठीकच असतं. तरी लोक सुरुवात जेवणापासून करतात. म्हणजे जिथे कमी बिघडलंय तिथे सगळ्यात जास्त मेहनत.

इशारा: कागद बघून कोणाला बोलायचं नाही. विशेषतः आजोबांच्या शेवेवर आणि पोरांच्या चिप्सवर जेवताना भाषण दिलंत की कागदावर खोटं लिहिलं जाईल किंवा काहीच लिहिलं जाणार नाही.

## पायरी 2: कामं वाटा, मग पदार्थ ठरवा

एक फळा किंवा कागद घ्या आणि ही कामं नावासकट लिहा:

- रात्री कडधान्य भिजत घालणं (दोन मिनिटांचं काम, आठवी-नववीतलं पोरगं आरामात करतं)
- सकाळी उपसून फडक्यात बांधणं
- पालेभाजी निवडणं (आजी-आजोबांना टीव्ही बघत बघत जमतं, पण त्यांना विचारून, गृहीत धरून नाही)
- आठवड्याचं दळण नेणं-आणणं
- आठवडी बाजार
- चटण्या आणि कूट, पंधरा दिवसांतून एकदा

नावाच्या रकान्यात सगळीकडे एकच नाव येत असेल तर इथेच थांबा. अहो, मी मदत करतो की, हे उत्तर धरायचं नाही, कुठल्या वारी कुठलं काम ते लिहून घ्या. हे वाचायला भांडखोर वाटेल, पण बंद पडलेल्या घरांची कहाणी ऐकली तर बहुतेक वेळा इथेच गाडी अडकलेली असते.

स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांच्याशी आधी बोला. कामाचा वेळ वाढणार असेल तर पैसे वाढवा. आणि भाकऱ्या त्या थापतात की नाही हे विचारून घ्या, काहीजणींचा हात तुमच्या-आमच्यापेक्षा शंभर पटीने बरा असतो आणि इतके दिवस त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

## पायरी 3: फळी आवरा, पण फेकू नका

सगळं ओट्यावर काढा आणि तीन भाग करा.

पहिला, राहणारं: गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळी कडधान्यं आणि डाळी, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, खोबरं, अंडी, दूध, घरचं दही, मसाले.

दुसरा, अधलंमधलं: पोहे, रवा, पांढरा तांदूळ, चुरमुरे, साबुदाणा, गूळ, तेल. हे एकदम काढायचं नाही, प्रमाण बघायचं. यात साबुदाणा लोकांना धक्का देतो. उपवासाचा म्हणून तो पौष्टिक समजला जातो, पण तो कंदातून काढलेला जवळजवळ नुसता स्टार्च आहे. उपवासाला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिरा, शिंगाडा, रताळं हे त्यापेक्षा चांगलं, आणि साबुदाण्याची खिचडी आवडीची गोष्ट म्हणून कधीमधी. गूळही तसाच. साखरेऐवजी गूळ घातला की लाडू पौष्टिक झाला असं होत नाही, गुळात बहुतांश साखरच असते.

तिसरा, संपल्यावर परत न आणायचं: बिस्किटं, नूडल्स, सॉस, पाकिटातली सूपं, चॉकलेटी पावडरी, फ्लेवरवालं दही, नगेट्स-सॉसेज, फरसाणची किलोची पिशवी. जे घरात आहे ते संपू द्या, फक्त परत आणायचं नाहीये एवढं लक्षात ठेवा.

लेबल वाचायची युक्ती एवढीच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. पुढे मोठ्या अक्षरात मल्टीग्रेन आणि मागे पहिलाच शब्द रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, तर तो मैदाच. साखर वेगवेगळ्या नावांनी लपलेली असते, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. आणि आकडे वाचताना 100 ग्रॅमचा रकाना बघा, सर्व्हिंगचा नको, कारण दोन बिस्किटांच्या सर्व्हिंगवर आपल्याकडे कोण थांबतं. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींबद्दल तर 2024 मध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं हेल्थ ड्रिंकच्या कप्प्यात ठेवू नका. तेव्हा डब्यावर पळणारा मुलगा आहे म्हणून फसू नका.

तपासा: तिसऱ्या भागातलं काय काय संध्याकाळी खाल्लं जातं? त्यावर खूण करा, पायरी 6 ला लागेल.

## पायरी 4: खरेदी, आणि ती थोडीच

पहिल्या महिन्यात कुठलंही नवं धान्य एक किलोच्या वर घेऊ नका. वर्षाचं धान्य भरायची हौस आवरा, चव कळल्याशिवाय पंचवीस किलो ज्वारी घरात आणली तर ती पावसाळ्यात किड्यांची होते.

ज्वारी घेताना रब्बीची, शाळू किंवा मालदांडी मागा. मोत्यासारखा भरलेला, चमकदार दाणा बघा, भाकरी मऊ आणि गोडसर होते. काळपट ठिपके असलेली पावसात भिजलेली असू शकते, ती स्वस्तात मिळाली तरी नको. हातसडीचा तांदूळ नाकाजवळ नेऊन बघा. कोंड्यात तेल असतं, जुना झाला की खवट वास येतो, दुकानात महिनोन्महिने पडलेला घेऊ नका. डाळ बिनपॉलिशची घ्या, ती जरा मळकट दिसते, घरात म्हातारं माणूस असेल तर ते लगेच ओळखतील. लाकडी घाण्याचं तेल मिळत असेल तर शेंगदाणा किंवा करडईचं छोटं बाटलीभर घेऊन चव बघा. खपली गहू चांगला, पण महाग आहे आणि त्यातही ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) असतं. ज्यांना सीलिएक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) सांगितलेला आहे त्यांनी, कोणी काहीही म्हटलं तरी, तो खाऊ नये.

किनोआऐवजी राजगिरा, चियाऐवजी जवस किंवा सब्जा. विदेशी वाईट आहे म्हणून नव्हे. राजगिऱ्याचं काय करायचं ते घरातल्या कोणालातरी माहीत असतं, किनोआचं कोणालाच नसतं आणि तो डबा तसाच पडून राहतो.

भाजीचा अंदाज बहुतेकांचा फारच कमी असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्य असा हिशोब आहे. चौघांचं घर म्हणजे रोज दीड किलोच्या वर कच्ची भाजी आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास कोरडी डाळ-कडधान्य, अंडी-मासे खात असाल तर कडधान्य थोडं कमी. एक वाटी तुरीची डाळ चौघांत पातळ करून वाढली की आपल्याला वाटतं रोज डाळ खातो, त्याचा हिशोब एकदा मोजून बघा.

परदेशात असाल तर इंडियन स्टोअरमधलं ज्वारीचं पीठ किती जुनं आहे ते तारखेवरून बघा, आणल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा. तरी भाकरी जमत नसेल तर दोष तुमच्या हाताचा नाही.

## पायरी 5: भिजवण्याचं वेळापत्रक

हे कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं:

- मूग, मटकी: रात्रभर, 8 तास. मग उपसून ओलसर फडक्यात बांधा. उन्हाळ्यात 8 ते 10 तासांत मोड येतात, थंडीत 24 तासही लागतात, तेव्हा कुठेतरी उबेला ठेवा
- चवळी, मसूर: 6 ते 8 तास
- छोले, राजमा, काळे वाटाणे: 10 ते 12 तास
- कडवे वाल: रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी मोड आणून, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे, त्याच डाळिंब्या. हे सुट्टीच्या दिवशीचं काम, बुधवारी रात्री डाळिंब्यांचा घाट घालू नका
- हातसडीचा तांदूळ: निदान एक तास
- तूर, मूग डाळ: अर्धा तास भिजली तरी शिजायला सोपी जाते

रविवारी दोन कडधान्यं भिजवा, एकाला मोड आणा, एक शिजवून डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. बुधवारसाठी पुन्हा मंगळवारी रात्री. मोड आलेलं फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसच चांगलं राहतं.

इशारा: मोड आलेल्याला आंबूस वास किंवा चिकट तार आली की टाकून द्या, धुऊन वापरू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई यांना कच्चे मोड नकोत, वाफवून द्या.

इशारा: राजमा भिजवलेलं पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळ उकळवायचा, निदान दहा मिनिटं. कुकरला नीट शिट्ट्या दिल्या की प्रश्नच नाही. स्लो कुकरमध्ये मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा उलट्या काढतो, त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन कमी आचेवर जात नाही.

## पायरी 6: पहिला बदल संध्याकाळी चारचा

आता कुठे खाण्याला हात लावायचा, आणि तोही फक्त चार ते सहाच्या खाण्याला. दोन आठवडे बाकी काहीही बदलू नका.

कारण सोपं आहे. भुकेलेलं पोरगं घरी आलं की जे समोर दिसेल ते खातं, दोन मिनिटांत हातात पडेल ते. तेव्हा या वेळेचं होल फूड आधीच तयार आणि समोर पाहिजे, ओट्यावर, झाकण उघडायला सोप्या डब्यात. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, सालासकट फुटाणे, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, भाजलेलं रताळं, मक्याचं कणीस, केळं, पेरू, उकडलेलं अंडं, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. उसळ उरली असेल तर त्यावर कांदा, टोमॅटो, लिंबू आणि वरून चिमूटभर शेव. हो, शेव चालेल, चिमूटभर शेवेने कोणी मरत नाही आणि त्या चिमटीमुळे वाटीभर मटकी पोटात जाते.

सगळ्यात कामाचं म्हणजे थालीपिठाची भाजणी. दोन वाट्या ज्वारी, दोन वाट्या बाजरी, एक वाटी तांदूळ, एक वाटी अख्खे हरभरे, अर्धी वाटी अख्खे उडीद, अर्धी वाटी गहू, अर्धी वाटी धने, दोन चमचे जिरे. प्रत्येक धान्य वेगवेगळं मंद आचेवर खमंग भाजायचं, एकत्र टाकलं तर तांदूळ करपतो आणि हरभरा कच्चा राहतो. पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या. मळताना किसलेला दुधी, गाजर, मेथी, कांदा जे असेल ते. एकदा भाजणी डब्यात असली की वीस मिनिटांत खाणं तयार, आणि याला कुठलंच मूल डाएट म्हणत नाही.

तपासा: दोन आठवड्यांनी फ्रीजवरच्या कागदाशी तुलना करा. संध्याकाळची पॅकेटं निम्म्यावर आली नसतील तर पुढे सरकू नका, अजून एक आठवडा घ्या.

## पायरी 7: नाश्ता

इथे फार काही तोडायचं नाही. पोहे, उपमा चालू द्या, आठवड्यातून दोन-तीनदा. पण पोह्यांत मटार, दाणे, फ्लॉवर इतकं घाला की पोहे आणि भाजी निम्मी-निम्मी दिसेल. रव्याऐवजी कधी गव्हाच्या दलियाचा उपमा. बाकी दिवस धिरडी (मुगाची, अख्खे मूग भिजवून वाटून), आंबील, उकडलेली अंडी आणि भाकरी, रात्रीच्या भाकरीचा दही घालून काला (भाकरीचे प्रकार पायरी 8 नंतरच).

नाचणीची आंबील लोक चुकवतात. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. रात्री चार चमचे पीठ वाटीभर ताकात किंवा पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ढवळत ढवळत ओतायचं, मीठ, जिरं, गार झाल्यावर ताक. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण ते अख्ख्या नाचणीच्या पिठात. सत्व काढताना चोथा गाळून टाकतात, तेव्हा सत्व हे तान्ह्या बाळासाठी ठीक, मोठ्यांनी पीठच वापरावं.

चहा जेवणाला किंवा नाश्त्याला चिकटवून पिऊ नका, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा, आणि पालेभाजी-कडधान्यावर लिंबू पिळा.

## पायरी 8: भाकरी आणि भात

पाचव्या आठवड्याच्या आधी इथे येऊ नका. हाच तो टप्पा जिथून बहुतेक लोक सुरुवात करतात आणि आपटतात.

दळण. गिरणीवाल्याला सांगा ज्वारी बारीक दळा आणि एका वेळी आठवड्याचंच न्या. बाजरीचं पीठ तर लवकर कडवट होतं, त्यात तेल जास्त असतं, आठ दिवसांच्या वर नकोच. गिरणीतून पीठ गरम येतं, तसंच डब्यात कोंबून झाकण लावलं की वाफ धरते. ताटात पसरून गार करा. आणि जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात. भाकरी तुटतेय म्हणून रडायच्या आधी पिठाची तारीख बघा.

नवशिक्यांची भाकरी. थेट थापायला जाऊ नका. एक वाटी पाणी उकळा, चिमूटभर मीठ, त्यात एक वाटी पीठ टाकून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग परातीत काढून, हाताला सोसेल तसं पाणी लावत तळहाताच्या मुळाने चांगलं मळा, निदान तीन-चार मिनिटं, गोळा गुळगुळीत होईपर्यंत. या उकडीची भाकरी लाटण्याने सुद्धा लाटता येते, सासूबाईंना दाखवू नका हवं तर. तवा आधीच कडकडीत तापलेला हवा. भाकरी टाकली की पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाणी फिरवायचं, पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू नीट भाजली की थेट आचेवर फुगवायची. पाणी पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर भेगा पडतात.

आठवड्यात दोन रात्री भाकरी, बाकी पोळी. इतकंच. आणि भाकरीच्या दिवशी सोबत ओलं काहीतरी पाहिजे, पिठलं, पातळ भाजी, ठेचा-दही, जवसाची किंवा कारळ्याची चटणी. कोरड्या भाजीबरोबर भाकरी वाढून मुलांना आवडत नाही म्हणू नका. जवस भाजून थोडाच कुटा, कुटलेला जवस खवट होतो.

भात. पांढरा आणि हातसडीचा एकत्र करून कुकरला लावू नका, एक गचका होतो आणि दुसरा टणक राहतो. एकतर सिंगल पॉलिशचा इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या, तो सवयीच्या भाताच्या जवळ असतो, नाहीतर हातसडीचा तासभर भिजवून, एकास अडीच ते तीन पाणी घालून वेगळा लावा. कोकणात-गोव्यात उकडा तांदूळ खाणारी घरं आहेत, त्यांची पेज तर सकाळच्या नाश्त्यालाही उत्तम, त्यांनी काही नवं शोधायला जाऊ नये. आजारी माणसाला, जुलाब झालेल्या मुलाला पांढरा मऊ भातच द्या.

इशारा: याच टप्प्यावर गॅस, पोट फुगणं, कधी बद्धकोष्ठ सुरू होतं. चोथा वाढला आणि पाणी वाढलं नाही की असंच होणार. पाणी वाढवा, उसळीला हिंग, ओवा, आलं घाला, कडधान्य एकदम तिप्पट करू नका. दोन-तीन आठवड्यांत आतडी सरावतात. पोटात जोरात दुखत असेल, शौचात रक्त दिसलं तर हे डाएटचं आहे म्हणून घरी बसू नका.

## पायरी 9: तेल, मीठ, साखर सगळ्यात शेवटी

हे आधी केलं की जेवण बेचव होतं आणि सगळा दोष ज्वारीवर जातो. म्हणून शेवटी.

तेलाला उपदेश नको, माप हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच तत्त्वांत मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 27 ग्रॅम तेलतूप धरलंय, म्हणजे महिन्याला माणशी 900 मिलीच्या आसपास, तूप धरून. महिन्याच्या एक तारखेला घरचं तेल एका डब्यात मोजून भरा आणि किती तारखेला संपतं ते बघा. संपलं की कळेल फोडणीत जातंय की तळणात.

मीठ जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, चहाचा एक सपाट चमचा, त्यात पापड, लोणचं, सुकट सगळं आलं. आणि इथे एक मोठी चूक होते, होल फूडच्या नादात लोक आयोडीनचं मीठ काढून नुसतं सैंधव आणतात. आयोडीन मग येणार कुठून? रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, सैंधव उपवासाला.

साखर चहातून कमी करा, दर आठवड्याला पाव चमचा. एकदम बंद केली की दुपारी बिस्किटाचा पुडा फुटतो.

## अडलं तर

पोरगं डबा परत आणतं. शाळेच्या डब्यात नवीन पदार्थ पहिल्यांदा द्यायचाच नाही. घरी चार वेळा खाल्लेलाच डब्यात द्या. आणि डब्यात भाकरी गार होऊन वातड होते, डब्याला पोळीचा रोल, थालीपीठ, इडली हेच ठीक.

सासूबाई म्हणतात आम्ही हेच खात होतो, यात नवीन काय. बरोबरच आहे त्यांचं. त्यांना दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी करून दाखवायला सांगा. फक्त त्यांच्या काळातलं तळण आणि वरून तुपाची धार हा भाग बीपीच्या गोळीबरोबर जमवून घ्यावा लागेल, तो मुलाने सांगावा, सुनेने नाही.

सण, लग्न, पाहुणे. दिवाळीचा फराळ करा, खा, पुरणपोळीवर तूप घ्या. फक्त किलोकिलो करून महिनाभर पुरवू नका. पाहुण्यांसमोर बशीत बिस्किटं ठेवायची सवय मोडायला जड जाते, त्याऐवजी लाह्यांचा चिवडा आणि फळं ठेवून बघा, कोणी नावं ठेवत नाही.

खर्च वाढला. फ्रीजवरचा जुना कागद काढा आणि त्या पॅकेटांची किंमत मांडा, बाहेरून मागवलेल्यासकट. तरीही वाढलेला दिसत असेल तर बहुतेक वेळा ऑरगॅनिक दुकानातली महाग पाकिटं कारण असतात. शेतकरी आठवडे बाजार, बचत गटाच्या बायका, ओळखीचा शेतकरी यांच्याकडे तीच ज्वारी कमी भावात मिळते. पुण्यात भीमथडी जत्रेत, मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांचे स्टॉल असतात, तिथे एकदा जाऊन नंबर घेऊन ठेवा.

धान्याला कीड. कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार करून, कोरड्या डब्यात, मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला. ओल्या हाताने डबा उघडायचा नाही. रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येते, तोपर्यंत तुमच्या घराला महिन्याला खरंच किती लागते ते कळलेलं असेल, तेव्हा वर्षाचं भरा.